गेटाबाहेरचे डायरेक्टर

माझ्या प्रकृतीची अगदी मनापासून चौकशी आजवर दोनच माणसांनी केली. एक माझी आई आणि दुसरे हे. आईला मी बरा हवा असायचो, एवढाच काय तो फरक.

"काय भाऊसाहेब, ताप-बिप?" असं ते विचारायचे तेव्हा त्यांच्या डोळ्यांत खरीखुरी आशा असायची. "छे, ठणठणीत आहे," म्हटलं की, "वा, वा, असंच पाहिजे," म्हणायचे आणि तोंड असं उतरायचं की मलाच ओशाळल्यासारखं व्हावं. एकदा मला नुसती शिंक आली तर बाकावरून उठून उभे राहिले. मी म्हटलं, "अहो, मी टाइम ऑफिसातला कारकून. मी मेलो तरी तुम्हाला मशीन मिळायचं नाही."

"ते खरंय की," ते म्हणाले. "पण चांगली सवय मोडू नये माणसानं."

त्यांचं नाव सांगत नाही. गेटावर तरी ते कुठे कोणाला माहीत होतं? सगळे त्यांना डायरेक्टर म्हणत. कंपनीला आणखीही डायरेक्टर होते म्हणे, पण त्यांना आमच्यापैकी कोणी पाहिलं नव्हतं. हे मात्र रोज सकाळी दिसायचे. खाकी पँट, पांढरा शर्ट, पायात टायरच्या चपला आणि भर वैशाखातही गळ्यात मफलर. मफलरशिवाय पिक्चरवाला वाटत नाही, असं त्यांचं मत होतं.

आमचा कारखाना आकुर्डीच्या पुढे, हमरस्त्याला लागून. मी सांगतोय ती मोठ्या दुष्काळानंतरची दोन-तीन वर्षं. सकाळचा भोंगा झाला की कोणत्या खात्यात किती खाडे पडलेत ते मला कळायचं आणि मी गेटाशी जायचो. बाहेर बदलीवाले उभे असायचे. बदलीवाला म्हणजे ज्याला कायमची नोकरी नाही, पण आतला कोणी आला नाही तर तेवढ्या दिवसापुरतं त्याच्या मशीनवर उभं राहायला मिळतं तो. आत कोणाला हिवताप आला, कोणाच्या घरी मयत झालं, की बाहेर एकाची चूल पेटायची. देवाने आणि कंपनीने मिळून लावलेली ही व्यवस्था होती. त्यात कोणी कोणाला वाईट म्हणण्यासारखं नव्हतं.

असे वर्षात ठरावीक दिवस भरले की माणूस पर्मनंट करावा लागे. तसं करावं लागू नये म्हणून कंपनी ते दिवस भरायच्या जरा अलीकडे त्याला ब्रेक द्यायची. म्हणजे घरी बसा, पुढे बघू. हे ब्रेकचं काम आमच्या पर्सोनेलच्या साहेबांकडे होतं आणि ते फार सुरेख करायचे. आवाज कधी चढवला नाही, कोणाला अरेतुरे केलं नाही. केबिनमध्ये बोलवायचे, खुर्ची द्यायचे, कपबशीतून वेलदोड्याचा चहा पाजायचे. "घरी सगळे बरे ना?" विचारायचे. चहा संपला की म्हणायचे, "तुमची दगदग फार झाली. थोडी विश्रांती घ्या." माणूस आभार मानून बाहेर यायचा आणि सायकल स्टँडपर्यंत पोचल्यावर त्याच्या लक्षात यायचं. त्यामुळे 'साहेबांचा चहा' एवढे दोन शब्द ऐकले तरी बदलीवाल्यांना घाम फुटे.

डायरेक्टर हा चहा बऱ्याच वेळा प्यायले होते. "चहा उत्तम असतो. उगं खोटं कशाला बोला?" एवढंच ते म्हणायचे.

ते मूळचे बार्शीकडचे. तरुणपणी तंबूतल्या सिनेमात ऑपरेटरच्या हाताखाली होते. जत्रेजत्रेतून तंबू हिंडायचा. रिळं फार जुनी, दर खेळाला कुठे ना कुठे तुटायची. ऑपरेटर रीळ चिकटवेपर्यंत पब्लिक तंबू पेटवून देईल, म्हणून मालक ह्यांना पडद्यासमोर उभं करायचा आणि हे पुढची गोष्ट तोंडाने सांगायचे. पुष्कळदा रीळ चिकटलं तरी लोक म्हणायचे, राहू दे, ह्यांचंच बरं चाललंय. पुढे तंबू बसला, आणि हे इकडे कारखान्यांच्या गावाला आले. पहिल्या कंपनीत मंदीत काढलं, मग आमच्या गेटावर आले आणि बदलीच्या रांगेत राहिले. बायको आणि मुलगी तिकडे मेहुण्याच्या दारात. "पर्मनंट झालो की घेऊन येतो," असं ते सांगून आले होते. एरवी बोलता बोलता झटकायचे तो मफलर हे सांगताना मात्र ते झटकत नसत. नुसते टोक धरून बसत.

पंचांग ब्राह्मणाकडे असतं, जत्रांचं पंचांग डायरेक्टरांकडे होतं. चाकण, खेड, मावळ, सगळीकडच्या गावांच्या जत्रा त्यांना पाठ. कोणत्या खात्यातला कोण कोणत्या गावचा, कोणाच्या चुलत्याला धाप लागते, कोणाची सून दिवसांत आहे, सगळं. त्यांचा खरा जीव मात्र नाना सांडभोरांवर. नाना आमचे जुने लेथ ऑपरेटर, चाकणच्या पुढच्या गावचे. झुपकेदार मिशा, अंगाने पैलवान, आणि घरी शर्यतीची बैलजोडी. घाटात, म्हणजे गाडे पळवायच्या चढावर, बैलगाड्यांच्या शर्यती सुरू झाल्या की नानांना कारखाना दिसत नसे. नाना घाटावर गेले की त्यांच्या लेथवर डायरेक्टर. त्यामुळे ह्या माणसाला नानांच्या बैलांची नानांपेक्षा जास्त काळजी असायची. "पेंड काय घालता? सरकीची घाला," असा सल्ला ते गेटावरून द्यायचे.

पण मला सांगायचंय ते पिक्चरबद्दल.

भोंग्याच्या आधी बदलीवाले गेटाबाहेरच्या टपरीसमोर जमत आणि डायरेक्टर बाकावर उभे राहून एक रीळ सांगत. रोज एक. पिक्चरचं नाव 'जागा भरणे आहे'. हिरो उमदा कामगार, कंपनीने काढलेला. दारोदार हिंडतो, सगळीकडे एकच उत्तर, जागा नाही.

"जागा नाही म्हणजे काय हो?" डायरेक्टर विचारायचे. "जागा असतीच की! जागेवर माणूस बसलाय, ही अडचण." आणि मफलर झटकायचे.

सुरुवातीला हिरो कोणाला मारत नाही. नुसते खाडे पाडतो. एकाला पेढ्यातून जमालगोटा देतो. एकाच्या आळीत गांधीलमाशांचं पोळं नेऊन ठेवतो. मग इंटरव्हलला त्याला साहेब चहा पाजतात, ब्रेक देतात, आणि तिथून पुढे खून. पण खून कसे? पंचनाम्यात 'स्वतःच्या चुकीने' असंच यायला पाहिजे, हा डायरेक्टरांचा आग्रह. आणि ह्या कामी त्यांना काय एकेक मदतनीस मिळाले होते! देहूरोडच्या उतारावर एकाच्या सायकलचा ब्रेक निकामी करायचा होता, तर दोन फिटर त्यावर तासभर भांडले. एक म्हणाला तार कापायची, दुसरा म्हणाला कापलेली तार दिसते, नट अर्धा पिळा सैल करायचा. वेल्डर, मोल्डर, सुतार, जो तो आपापल्या हुन्नराप्रमाणे माणूस मारायला मदत करत होता. अशी अनुभवी माणसं गेटाबाहेर फुकट उभी होती, हेच मला कधीकधी त्या पिक्चरपेक्षा भयंकर वाटायचं.

सगळ्यांत गाजलेला खून लग्नातला. हिरो पंगतीत वाढपी होतो आणि एका लेथ ऑपरेटरला जिलेब्यांचा आग्रह करकरून मारतो.

"आता पोलिसांनी धरायचं कुणाला?" डायरेक्टर विचारायचे. "आग्रह तर अख्खा मांडव करत होता!"

टपरीवर टाळ्या पडल्या. त्या ऑपरेटरला झुपकेदार मिशा आणि घरी बैलजोडी होती, हे मात्र त्या दिवशी आत जाणाऱ्या चार पर्मनंट कामगारांनी ऐकलं आणि नानांच्या कानावर घातलं.

नाना दुसऱ्याच दिवशी एका लग्नाला गेले आणि जिलेबीला हात न लावता उठले. घरातून पाण्याची बाटली आणायला लागले. सायकलचे नट रोज दोनदा तपासायला लागले. आणि नाना एकटे नव्हते. पिक्चरमध्ये जो जो मेला, त्याने आधी रजा काढलेली असे. ज्याचा खाडा पडला त्याची जागा हिरोच्या डोळ्यांत भरायची. हा धागा आत सगळ्यांनी बरोबर पकडला. त्यात 'ताप-बिप?' विचारलेल्या दोघांना खरंच ताप आला. मग काय विचारता? मंडळी रजा काढायची बंद झाली. साखरपुडे रविवारी होऊ लागले. जावळं पुढे गेली. एके सकाळी नाना घोंगडी पांघरून, दात वाजवत गेटातून आत आले.

"नाना, अहो अंग केवढं तापलंय! घरी जा," मी म्हटलं.

नानांनी गेटाबाहेर बाकाकडे पाहिलं. "न्हाई न्हाई. मला कायबी झाल्यालं न्हाई. मी हाय. हजर हाय म्हून लिव्हा."

डायरेक्टरांना आधी ह्याची फार गंमत वाटली. तंबूत लोक रडायचे, हसायचे, पण गोष्ट ऐकून कोणी तापात कामाला आलं नव्हतं. गंमत फार दिवस टिकली नाही. आत खाडा नाही म्हणजे बाहेर काम नाही. रोज सकाळी मी गेटाशी जायचो आणि रिकामी मान हलवून परत यायचो. रांगेत लातूरकडचा कांबळे म्हणून एक पोरगेला बदलीवाला होता. मॅट्रिक पास, बायको पहिलटकरीण. अबोल माणूस, पण एक दिवस तोच बोलला.

"डायरेक्टर, तुम्ही काय करलालाव, कळतंय का? तुमच्या पिक्चरमधी मरतेत ते खोटे. उपाशी ऱ्हायलाव ते आम्ही खरे."

डायरेक्टर बाकावरून खाली उतरले. त्या दिवशीचं रीळ अर्धंच राहिलं. आणि त्याच दिवशी दुपारी शिपाई टपरीवर येऊन म्हणाला, "तुम्हाला साहेबांनी चहाला बोलावलंय."

कित्येक दिवस आत कामच न मिळालेल्या माणसाला ब्रेक कसला देणार? कोणाला काही कळेना. संध्याकाळी आमच्या खानावळीत ते माझ्यासमोर येऊन बसले आणि भाकरी कुस्करता कुस्करता हकिगत सांगितली.

"साहेब म्हणाले, तुमचं पिक्चर मी पहिल्यापासून ऐकतोय. माणसं ठेवलीत ऐकायला. फार छान आहे."

"मग?"

"म्हणाले, कारखाना उघडल्यापासून एवढी हजेरी नव्हती. मुंबईहून कौतुकाचा फोन आला. तुम्हाला एक तारखेपासून पर्मनंट करतो. अट एकच. पिक्चर संपवायचं नाही. हिरो पकडला जाता कामा नये."

माझ्या हातातला घास तसाच राहिला. मी म्हटलं, घ्या. डोळे मिटून घ्या. वहिनींना आणि मुलीला पुढच्या महिन्यात घेऊन या. मला खरोखर आनंद झाला होता आणि त्या आनंदात मी आणखी एक वाटी आमटी मागवली.

त्यांनी भाकरीचा उरलेला तुकडा कुस्करला. मग म्हणाले, "आज किती बदलीवाले आत घेतले, भाऊसाहेब?"

मी आमटीत बघत राहिलो.

"तंबूत रीळ तुटलं की मालक म्हणायचा, ताण. ताणायचो. पण लोकांना गावी परतायचं असायचं, बैल जुंपायचे असायचे. लोक म्हणायचे, आता शेवट सांग बाबा. शेवट न सांगता पब्लिकला ताटकळत ठेवू नये हो. पाप लागतं." आणि त्यांनी शांतपणे माझी आमटीची वाटी स्वतःकडे ओढून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते बाकावर चढले तेव्हा बदलीवाल्यांत कोणाला फारसा उत्साह नव्हता. त्यांनी आवाज मोठा लावला, थेट गेटातून आत शिरणाऱ्यांना ऐकू जाईल असा. "आज शेवटचं रीळ!" आत जाणारे थबकले. घोंगडीतले नानाही थबकले.

"हिरोनं सगळ्यांना मारलं," डायरेक्टर म्हणाले. "अख्खं खातं मारलं. साहेबांनी चहा पाजला, हिरो पर्मनंट झाला. आत जाऊन बघतो तर सगळी मशीनं त्याची. एकटाच. डबा उघडायला जोडीला माणूस नाही, तंबाखू मागायला माणूस नाही. चार दिवसांत येडा व्हायची पाळी. मग कुणाचं तरी तोंड दिसावं म्हणून भोंग्याला गेटाशी येतो. बाहेर एक नवा पोरगा उभा. काटकुळा. तो हिरोकडं खालून वर बघतो आणि गोड आवाजात विचारतो..."

ते थांबले. टपरीवरचा स्टोव्हसुद्धा थांबल्यासारखा वाटला.

"काय दादा, ताप-बिप?"

कोणी हसलं नाही. नानांनी घोंगडीतून तोंड बाहेर काढलं. "आन् मंग?"

"मग काय नाही. समाप्त."

"आन् पोलीस?"

"पोलीस कशाला? साहेब आहेत की." डायरेक्टर खाली उतरून नानांसमोर गेले. "नाना, संपलं पिक्चर. मारणारा गेला. आता घरी जाऊन पडा. जत्रा तोंडावर आलीय, बैलांकडं बघा."

नानांनी स्वतःच्या कपाळाला हात लावून पाहिला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "व्हय गड्या, मला ताप हाय!" आणि सुटल्यासारखे मागे फिरले. कित्येक आठवड्यांतला तो पहिला खाडा. मी गेटाशी गेलो. डायरेक्टरांनी कांबळेला पुढे ढकललं आणि कांबळे आत गेला.

साहेबांनी मला बोलावलं. "त्या गृहस्थांना यापुढे आत घ्यायचं नाही," एवढंच सांगितलं, नेहमीसारखं हसून. मला चहा दिला नाही, म्हणून माझ्या जिवात जीव आला.

नानांच्या गावच्या जत्रेला निम्मा कारखाना गैरहजर होता. त्या सकाळी गेटाबाहेरचे झाडून सगळे आत गेले आणि बाकावर डायरेक्टर एकटेच उरले. खिडकीतून ते दिसत होते. मला फार वाईट वाटत होतं आणि ते मात्र, हसू येईल इतक्या समाधानाने, रिकाम्या रस्त्याकडे बघत होते. तेवढ्यात नानांचा पुतण्या टेम्पो घेऊन आला आणि त्यांना घाटावर घेऊन गेला. पुढचं मला नानांनी सांगितलं. शर्यतीत स्पीकरवर पुकारणाऱ्याचा आवाज बसला होता, म्हणून माईक ह्यांच्या हातात दिला. "आरं, बैल सुटायच्या आधीच लोकं उभी ऱ्हायली!" नाना म्हणाले. "माझ्या बैलाची आय कोन, बाप कोन, त्याच्या मनात काय चाललंय, समदं सांगत व्हता. बैलबी ऐकत व्हतं!"

राजगुरुनगरच्या एका मांडव-स्पीकरवाल्याने त्यांना तिथल्या तिथे कामाला ठेवलं. महिन्याभराने बायको-मुलीला घेऊन ते तिकडे राहायला गेले. "इथं ब्रेक नाही," त्यांनी मला निरोप धाडला. "लोक लग्नं करायचं थांबवत नाहीत."

हे इथेच संपलं असतं, पण त्या श्रावणात मला कावीळ झाली. माझ्या जागी तात्पुरता लिहिता-वाचता माणूस हवा होता, म्हणून साहेबांनी मॅट्रिक पास कांबळेला माझ्या खुर्चीवर बसवलं. मी बरा होत आलो, सोमवारी हजर होतो असं कळवलं, आणि रविवारी डायरेक्टर दारात उभे. गळ्यात मफलर, काखेत उसाची मोळी.

"काय भाऊसाहेब, ताप-बिप?"

"गेला," मी म्हटलं. "उद्या कामावर."

तोंड उतरलं. अगदी पूर्वीसारखं. ऊस सोलता सोलता म्हणाले, "कांबळेचे दिवस भरत आलेत, ठाऊक आहे ना? आधीचे, नानांच्या मशीनवरचे आणि तुमच्या खुर्चीवरचे धरून. तुम्ही उद्या जाणार म्हणून साहेबांनी त्याला चहा पाजलेला नाही. कशाला पाजतील? तुम्ही आलात की तो आपोआप बाहेर."

"मग मी काय करू?"

"काही नाही. सकाळी निरोप पाठवायचा, आज अंग मोडून आलंय, उद्या नक्की येतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. साहेब रोज म्हणणार, उद्या येतोयच, कशाला चहा फुकट घालवा." त्यांनी मला उसाचं कांडं दिलं. "यात खून एकही नाही. हे रीळ आधी सुचलं असतं तर पिक्चर केवढं चाललं असतं!"

मी आयुष्यात कधी खोटी रजा काढली नव्हती. त्या आठवड्यात काढली, आणि रोज सकाळी निरोप धाडला. उद्या नक्की येतो, उद्या नक्की येतो. शेवटी युनियनने कांबळेचे भरलेले दिवस साहेबांच्या पुढ्यात मांडले आणि कांबळे पर्मनंट झाला. त्याला मुलगी झाली होती. त्याने मला पेढे पाठवले. मी आधी ते हुंगून पाहिले, मग खाल्ले.

कामावर हजर झालो त्या दिवशी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. खुर्ची दिली. "घरी सगळे बरे ना?" विचारलं. आणि शिपायाला चहा आणायला सांगितला.

डायरेक्टर खोटं बोलत नव्हते, चहा उत्तम होता. साखर जरा जास्त पडली होती, पण काविळीत साखर चांगली असं म्हणतात.